वाढत्या टेक्सास स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये घर घेताना शाळा, झोन, बाँड आणि टॅक्स कसे तपासायचे

एका कुटुंबाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा सध्या डॅलसजवळ इर्व्हिंगला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतोय, बायको आणि मुलं जूनमध्ये पुण्याहून येणार आहेत. मुलीची सातवी झाली आहे, मुलगा येत्या नोव्हेंबरात सहा वर्षांचा होईल. फोर्ट वर्थच्या उत्तरेला, नॉर्थलेक-जस्टिनच्या बाजूला नव्या कम्युनिटीत घर बघणं चालू आहे. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात सांगतात की शाळा इथेच, चालत जायच्या अंतरावर आहे. स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, मात्र अवाढव्य, त्यात डझनभर लहान गावं, आणि सारख्या नव्या शाळा उघडताहेत. मग शाळेचं रेटिंग बघून घर ठरवावं का?

रेटिंग सगळ्यात शेवटी बघा. वाढत्या डिस्ट्रिक्टमध्ये आज ज्या शाळेचं रेटिंग तुम्ही बघता, त्या शाळेत तुमचं मूल तीन वर्षांनी असेल याची हमी कोणी देत नाही. घराबरोबर पक्का मिळतो तो डिस्ट्रिक्ट. कोणत्या घराला कोणती शाळा, म्हणजे शाळेचा झोन, हे डिस्ट्रिक्टचं बोर्ड ठरवतं आणि गरज पडली की बदलतं. त्यामुळे आधी बघायचं ते डिस्ट्रिक्टचं वाढीचं गणित: किती घरं येणार, किती जागा शिल्लक आहेत, आणि नवी इमारत बांधायला पैसा मंजूर झाला आहे का.

टेक्सासमध्ये असे हजारावर डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेकांच्या नावात इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आयएसडी. आपल्याकडे गावोगावच्या सरकारी शाळा जिल्हा परिषदेच्या असतात आणि परिषद महसुली जिल्ह्याला बांधलेली असते. इथे तसं काही नाही. आयएसडी हे स्वतंत्र स्थानिक सरकारच आहे. त्याचं निवडून आलेलं, सहसा सात जणांचं, बिनपगारी बोर्ड असतं. स्वतःचा टॅक्स असतो, स्वतःचं कर्ज असतं. शहर, काउंटी आणि आयएसडी यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. तुम्ही बघताय तो नॉर्थवेस्ट आयएसडी २३४ चौरस मैलांवर, डेंटन, टॅरंट आणि वाइज अशा तीन काउंट्यांत पसरलेला आहे. जस्टिन, रोआनोक, हॅस्लेट, ऱ्होम, न्यूअर्क, ट्रॉफी क्लब, नॉर्थलेक अशी चौदा गावं-शहरं त्यात पूर्ण किंवा अर्धीमुर्धी येतात. फोर्ट वर्थचं उत्तरेकडचं टोकही येतं. नावात कुठल्याच गावाचं नाव नाही, कारण तो एका गावाचा कधी नव्हताच. टेक्सासमधली छोटी खेड्यांची डिस्ट्रिक्ट विसाव्या शतकाच्या मध्यात मोठ्या प्रमाणावर एकत्र केली गेली. १९४९ च्या गिल्मर-एकिन कायद्यांनी त्यांची संख्या सुमारे ४,५०० वरून २,९०० वर आली. सीमारेषा त्या काळच्या, शेतांच्या आणि कुरणांच्या. आज त्याच रेषा नव्या वसाहतींच्या मधोमध जातात.

म्हणून पहिलं काम पत्ता तपासण्याचं. पोस्टाच्या पत्त्यावर आर्गाइल किंवा जस्टिन लिहिलं म्हणून घर त्या नावाच्या गावात किंवा डिस्ट्रिक्टमध्ये असतंच असं नाही; झिप कोड टपाल वाटायच्या सोयीसाठी असतो. हार्वेस्ट या कम्युनिटीचं उदाहरण त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तिचे काही फेज आर्गाइल आयएसडीत आहेत, काही नॉर्थवेस्ट आयएसडीत. कम्युनिटी एकच, पण शाळा वेगळ्या आणि शाळेच्या टॅक्सचा दरही वेगळा. फ्रिस्को शहरात तर फ्रिस्को, प्रॉस्पर, लिटल एल्म आणि लुइसव्हिल अशा चार आयएसडींचे तुकडे आहेत. 'फ्रिस्कोत घर घेतलं' असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: आयएसडी कोणता?

तपासायची खात्रीची जागा म्हणजे काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टची, म्हणजे टॅक्ससाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाची, वेबसाइट. पत्ता टाकला की त्या मालमत्तेवर कोण कोण टॅक्स लावतं याची यादी येते, त्यात आयएसडीचं नाव असतं. त्याच यादीत एमयूडी किंवा तत्सम पाणीपुरवठ्याच्या डिस्ट्रिक्टची ओळ आहे का तेही बघा. नव्या कम्युनिटीत ती बरेचदा असते, आणि शाळेशी काही संबंध नसताना ती टॅक्सचं बिल चांगलंच फुगवते. घर अजून बांधायचं असेल तर पत्ता या साइटवर सापडत नाही, कारण जमीन अजून मूळ शेताच्या मोठ्या तुकड्याच्या खात्यावर असते. अशा वेळी बिल्डरकडून नोंदणी झालेला ले-आउट नकाशा मागा, त्यावरचा ब्लॉक आणि लॉट नंबर घ्या आणि डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला ईमेल करून विचारा: हा लॉट कोणत्या प्राथमिक, मिडल आणि हायस्कूलच्या झोनमध्ये आहे, आणि यातली कुठली शाळा कॅप झालेली, म्हणजे नवी मुलं घेणं थांबवलेली, आहे का? उत्तर लेखीच घ्या. सेल्स ऑफिसातल्या ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की शाळांची माहिती बदलू शकते. बिल्डरच्या वकिलाने ते वाक्य उगाच घातलेलं नसतं.

आता वाढीचं गणित. वेगाने वाढणारे डिस्ट्रिक्ट लोकसंख्येचा अभ्यास करणारी कंपनी नेमतात. तिचे अहवाल, बहुतेक ठिकाणी दर तिमाहीचे, बोर्डाच्या मीटिंगच्या कागदपत्रांत सगळ्यांना वाचता येतात. फार थोडे पालक ते उघडतात, आणि सगळ्यात कामाचा कागद तोच. त्यात प्रत्येक वसाहतीपुढे चार आकडे असतात: या तिमाहीत किती घरांचं बांधकाम सुरू झालं, किती घरांत लोक राहायला आले, रस्ते-पाइप टाकून तयार पण रिकामे असे लॉट किती, आणि पुढच्या फेजमध्ये किती लॉट येणार. शिवाय एका घरामागे किती विद्यार्थी येतात तो आकडा. डिस्ट्रिक्टची सरासरी साधारण ०.५ च्या आसपास असते, पण सरासरी घेऊ नका. तुमच्याच कम्युनिटीच्या भरून गेलेल्या फेजचा प्रत्यक्ष आकडा अहवालात असेल तर तो घ्या. चार बेडरूमच्या घरांचा आणि ज्येष्ठांसाठी राखलेल्या घरांचा आकडा एक कसा असेल?

हिशेब करून बघू. समजा शाळेची क्षमता ८५० आहे आणि आज ७०० मुलं आहेत. तिच्या झोनमध्ये वर्षाला ३०० घरं भरताहेत आणि १,२०० लॉट शिल्लक आहेत. ३०० घरांमागे १५० विद्यार्थी, त्यातले निम्मे बालवाडी ते पाचवीचे धरले तर वर्षाला ७५. शिल्लक जागा १५०. म्हणजे दोन वर्षांत शाळा भरली, आणि लॉट मात्र अजून ६०० शिल्लक. आज चालत जायच्या अंतरावर असलेल्या शाळेत दोन वर्षांनी राहायला येणाऱ्या घरातल्या मुलाला जागा नसेल, ही शक्यता खरी आहे.

दुसऱ्या बाजूला इमारतीचा वेळ मोजा. प्राथमिक शाळेचा आराखडा व्हायला दहा-बारा महिने लागतात आणि बांधायला चौदा ते सोळा. हायस्कूलला बांधकामच अडीच ते तीन वर्षं. आधीच्याच शाळेचा नकाशा पुन्हा वापरला तर काही महिने वाचतात, आणि शहाणे डिस्ट्रिक्ट तसंच करतात. 'सगळ्या शाळा एकसारख्या दिसतात' या तक्रारीत म्हणूनच फार दम नाही. पण शाळा फक्त ऑगस्टमध्ये उघडते. मे २०२६ मध्ये कर्ज मंजूर झालं तर ऑगस्ट २०२८ ला शाळा उघडू शकते. मे महिन्यात लोकांनी नाकारलं आणि नोव्हेंबरात मंजूर केलं, तर उशीर कागदावर सहा महिन्यांचा, पण इमारत तयार होते २०२९ च्या फेब्रुवारीत आणि मुलं आत जातात ऑगस्ट २०२९ ला. सहा महिन्यांचं अख्खं वर्ष होतं.

या मधल्या काळात काय होतं? आधी पटांगणात पोर्टेबल येतात, दोन वर्गांची तयार खोकी. त्यांनी वर्गखोल्या वाढतात. कॅफेटेरिया, ग्रंथालय, जिम आणि गाड्यांची पिकअपची रांग आहे तेवढीच राहते. ८५० मुलांच्या शाळेत १,०५० मुलं बसली की जेवणाच्या पाळ्या सकाळी सव्वादहाला सुरू होतात आणि शेवटची पाळी दीडच्या पुढे जाते. शाळेला भेट द्याल तेव्हा लॉबीची सजावट बघण्यापेक्षा जेवणाचं वेळापत्रक मागा. शाळा किती ताणली आहे ते त्या एका कागदावर कळतं. टेक्सासच्या कायद्याने चौथीपर्यंत एका वर्गात २२ च मुलं असायला हवीत, पण डिस्ट्रिक्ट राज्याकडून सूट मागू शकतो आणि वाढीच्या काळात ती सर्रास मागितली जाते. सप्टेंबरच्या मध्यात वर्ग फुटतो, नव्या बाई येतात, निम्मी मुलं तिकडे जातात. पहिल्या दिवसाचा पट आणि सप्टेंबरातला पट यांत वाढत्या डिस्ट्रिक्टमध्ये फरक पडतोच, कारण घरांची क्लोजिंग, म्हणजे खरेदी पूर्ण होऊन ताबा मिळणं, शाळेच्या सुट्टीची वाट बघत नाहीत.

पोर्टेबलनेही भागेना की शाळा कॅप होते. म्हणजे त्या झोनमध्ये नव्याने येणारी मुलं जवळच्या दुसऱ्या शाळेत पाठवतात. घर झोनमध्येच असतं, मूल बसने चार मैलांवर जातं. जागा झाली की परत बोलावतात, पण नाव कोणत्या तारखेला नोंदवलं यावर नंबर लागतो. या बाबतीत भारतात सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबांना एक गोष्ट नडते. डिसेंबरमध्ये पाच आठवडे पुण्याला जायचं म्हणून काही पालक मुलाचं नाव काढून जातात, गैरहजेरी दिसू नये म्हणून. परत आल्यावर ती नवी नोंदणी धरली जाते, आणि शाळा तोवर कॅप झाली असेल तर आपल्याच गल्लीतल्या शाळेत आपल्याच मुलाला जागा मिळत नाही. नाव काढण्याआधी शाळेच्या ऑफिसात कॅपचं स्पष्ट विचारा. न काढता गेलात तर दुसरं बंधन आहे: वर्गाचं श्रेय मिळायला ९० टक्के हजेरी लागते, आणि सहा महिन्यांत दहा दिवस विनापरवानगी गैरहजर राहिलं की पालकांना कायदेशीर नोटीस येऊ शकते. शाळा हजेरीच्या एवढी मागे का लागते, तर राज्याचा पैसा पटावर येत नाही, सरासरी दैनंदिन हजेरीवर येतो. मूळ अनुदान २०१९ पासून दर विद्यार्थ्यामागे ६,१६० डॉलर होतं, २०२५ मध्ये त्यात फक्त ५५ डॉलरची भर पडून ६,२१५ झालं. दिवसाला साधारण ३५ डॉलर.

पैशाचं इथून पुढे नीट समजून घ्या, कारण 'एवढा टॅक्स घेतात, मग शाळा का नाही बांधत' हा प्रश्न आपल्या लोकांच्या प्रत्येक गेट-टुगेदरमध्ये निघतो. शाळेच्या टॅक्सचे दोन वेगळे खिसे असतात. एक एम अँड ओ: पगार, वीज, डिझेल, रोजचा खर्च. दुसरा आय अँड एस: फक्त कर्जाचे हप्ते. आय अँड एसचा पैसा रोजच्या खर्चाला वापरता येत नाही. एम अँड ओमध्ये घरांच्या किमती वाढल्या की डिस्ट्रिक्ट श्रीमंत होतो असंही नाही. स्थानिक टॅक्स वाढला की राज्य आपला वाटा तेवढा कमी करतं. इमारतींसाठी राज्य जवळपास काही देत नाही. नवी शाळा उघडताना थोडी मदत मिळते, पण ती सुरुवातीच्या खर्चापुरती. बिल्डरकडूनही वसूल करता येत नाही: टेक्सासच्या कायद्यात नव्या बांधकामावर रस्ते आणि पाण्यासाठी शुल्क लावता येतं, शाळेसाठी नाही. फार तर मोठा डेव्हलपर दहा-पंधरा एकर जागा देतो, आणि मग तीच जागा ब्रोशरवर 'नियोजित शाळा' म्हणून छापली जाते. जागा आहे म्हणजे शाळा आहे असं नव्हे. त्या जागेसाठी कोणत्या वर्षीच्या बाँडमधून पैसे मंजूर झालेत, हे विचारा. 'भविष्यातील' असं उत्तर आलं तर ती शाळा नाही असं समजून घर बघा.

इमारतीसाठी उरतो तो बाँड, म्हणजे मतदारांनी मंजूर करायचं कर्ज. निवडणूक सहसा मे किंवा नोव्हेंबरात होते. २०१९ च्या कायद्यानंतर मतपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं की ही मालमत्ता करातली वाढ आहे, मग प्रत्यक्ष दर एक सेंटही बदलणार नसला तरी. मोठी स्टेडियम, जलतरण तलाव, नाट्यगृहं आणि विद्यार्थ्यांची उपकरणं यांसाठी वेगळे प्रस्ताव ठेवावे लागतात. याने मतदार काय निवडतात ते दिसतं. प्रॉस्पर आयएसडीने नोव्हेंबर २०२३ मध्ये एकूण २.८ अब्ज डॉलरचे प्रस्ताव ठेवले. शाळांच्या इमारतींचा पास झाला आणि ९.४ कोटी डॉलरचं दुसरं स्टेडियम लोकांनी नाकारलं. फुटबॉलवेड्या टेक्सासात हे घडलं, म्हणून मुद्दाम सांगतो.

मंजूर झालेलं कर्जही लगेच काढता येतंच असं नाही. नवे बाँड विकताना डिस्ट्रिक्टला दाखवावं लागतं की दर १०० डॉलर करपात्र किमतीमागे ५० सेंटच्या आत हप्ते भागतील. करपात्र मालमत्ता ३० अब्ज डॉलर असेल तर ५० सेंटने वर्षाला १५ कोटी डॉलर जमतात, हप्त्यांची झेप तेवढीच. घरबांधणी मंदावली किंवा किमती उतरल्या की नवे बाँड विकायला थांबावं लागतं, आणि मुलं मात्र येतच राहतात. म्हणून डिस्ट्रिक्टचा आय अँड एस दर बघा. तो ५० सेंटला टेकलेला असेल, प्रॉस्परचा तसाच आहे, तर तो डिस्ट्रिक्ट पूर्ण वाढीच्या भरवशावर चालला आहे. यात वाईट काही नाही, पण वाढ थांबली तर झळ आधी त्यालाच बसते. मंजूर पण अजून न विकलेले बाँड किती, हेही बोर्डाच्या आर्थिक सादरीकरणात असतं.

घरबांधणी थोपवणं आयएसडीच्या हातात नसतं, हेही लक्षात असू द्या. डॅलसच्या ईशान्येला प्रिन्स्टन नावाचं गाव आहे. २०२४ च्या जनगणना अंदाजात ते देशातलं सगळ्यात वेगाने वाढणारं शहर ठरलं, एका वर्षात ३० टक्क्यांवर. त्याच सप्टेंबरात नगरपालिकेने नव्या वसाहतींना तात्पुरती स्थगिती दिली. पण आधी मंजूर झालेले लॉट बांधले जातच होते. परवानगी देतं शहर किंवा काउंटी. वर्ग शोधत बसतो डिस्ट्रिक्ट.

नवी शाळा उघडली की झोन बदलतात. त्याचा प्रस्ताव सहसा आदल्या हिवाळ्यात येतो: समिती बसते, दोन-तीन नकाशे मांडले जातात, लोक बोलतात, जानेवारी-फेब्रुवारीत बोर्ड मत देतं आणि ऑगस्टमध्ये अंमल. नकाशा ठरवताना आधी क्षमता आणि पुढची घरं बघतात, मग अंतर, मग एक वसाहत शक्यतो एकत्र ठेवणं. 'आमची घरं महाग आहेत' किंवा 'आम्ही या शाळेसाठी घर घेतलं' हे मुद्दे समितीपुढे चालत नाहीत. त्यात वेळ घालवू नका. 'या नकाशाप्रमाणे आमची वसाहत चार वर्षांत तिसऱ्यांदा हलते' किंवा 'आमच्या मुलांना चौपदरी रस्ता ओलांडावा लागेल' हे चालतं. शेवटच्या वर्षात असलेल्या मुलांना, म्हणजे पाचवी, आठवी आणि हायस्कूलच्या वरच्या वर्गांना, जुन्याच शाळेत राहायची मुभा बरेचदा देतात. पण त्यांना बस मिळत नाही, आणि धाकट्या भावंडांना ती मुभा आपोआप लागू होत नाही. बसचंही गृहीत धरू नका. राज्य पैसे देतं ते शाळेपासून दोन मैलांपलीकडच्या किंवा धोकादायक रस्त्यावरच्या मुलांसाठी. दीड मैलावरच्या मुलाला बहुतेक वेळा आई-बाबाच सोडतात.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, टॅक्स मात्र पूर्ण. तरीही बोर्डाच्या मीटिंगमध्ये अजेंड्यावरच्या विषयावर बोलायचा अधिकार सगळ्यांना आहे. आधी नाव नोंदवा, तीनेक मिनिटं मिळतात. बाँड आणि झोनच्या समित्यांवरही पालकांना घेतात, तिथे सहसा नागरिकत्व विचारत नाहीत. आपले लोक या समित्यांवर फार कमी दिसतात आणि नकाशा आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर खूप दिसतात.

तिथे गेलात की जुन्या गावांची बाजू ऐका. ऱ्होम किंवा न्यूअर्कच्या बाजूला पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांच्या दृष्टीने सगळ्या नव्या इमारती हायवेच्या पलीकडे, नव्या वसाहतींत होताहेत, आणि त्यांच्या मुलांचा बसचा प्रवास तसाच लांब आहे. त्यांना शेतीचे वर्ग, जनावरांचा गोठा आणि वेल्डिंगचं शॉप टिकायला हवं. नव्यांना ऑर्केस्ट्रा आणि रोबोटिक्स हवं. बाँड दोघांच्या मतांनीच पास होतो. ज्या बाँडमध्ये जुन्या शाळांची छपरं आणि एसी नसतात, फक्त नव्या इमारती असतात, तो पडायची शक्यता जास्त. ६५ वर्षांवरच्या घरमालकाच्या राहत्या घराचा शाळेचा टॅक्स गोठलेला असतो, बाँडने तो वाढत नाही. हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही आणि ते विरोधात मत देऊन येतात.

आता तुमच्या मुलांचं. मुलीची सातवी झाली, ती ऑगस्टमध्ये आठवीत जाईल आणि पुढच्याच वर्षी हायस्कूलमध्ये. म्हणून तुमच्यासाठी प्राथमिक शाळेपेक्षा हायस्कूलचा नकाशा महत्त्वाचा. नवं हायस्कूल सहसा फक्त नववी-दहावी घेऊन सुरू होतं, बारावी दोन वर्षांनी येते. सुरुवातीला एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स कमी असतात, क्लब नवे असतात. उलट टीममध्ये आणि बँडमध्ये शिरणं सोपं जातं. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना थेट प्रवेशाचा कायदा १९९७ पासून आहे. यूटी ऑस्टिनने आपली मर्यादा २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्क्यांवर आणली. क्रमांक त्या हायस्कूलमधल्या वर्गाप्रमाणे, म्हणजे अख्ख्या इयत्तेप्रमाणे, लागतो. ७०० च्या वर्गात ५ टक्के म्हणजे ३५ मुलं, ३५० च्या वर्गात १७. कुठे जास्त चुरस आहे हे वर्गातली बाकीची मुलं ठरवतात, इमारत किती नवी हे नव्हे. रोआनोकला स्टील हे अर्ली कॉलेज हायस्कूल आहे. अशा शाळांत हायस्कूलबरोबरच कॉलेजचं श्रेय जमा करता येतं. तिथे झोनपेक्षा अर्ज महत्त्वाचा, आणि अर्ज आठवीतच करायचा असतो, तेव्हा तारीख पहिल्या आठवड्यातच काउन्सेलरला विचारा. आठवीत अल्जेब्रा-१ मिळावं असं वाटत असेल तर पुण्याच्या शाळेचा गणिताचा अभ्यासक्रम आणि गुणपत्रिका इंग्रजीत सही-शिक्क्यासह आणा. परीक्षा देऊन पुढे जायची सोय आहे, त्यात ८० टक्के लागतात, पण ती वर्षातल्या ठरावीक काळातच होते.

मुलाच्या बाबतीत इयत्तेचा घोळ होणार. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर पहिलीत प्रवेश मिळतो. टेक्सासची तारीख १ सप्टेंबर. त्या दिवशी तो पाचच वर्षांचा असेल, म्हणजे इथे तो किंडरगार्टनमध्ये बसेल. पहिलीसाठी भांडू नका. वर्गात तो थोरल्यांपैकी असेल, याचा फायदाच होतो. नोंदणीच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म येतो. त्यात मराठी लिहिलंत की त्याची इंग्रजीची चाचणी होईल आणि गरज वाटली तर जादा इंग्रजीचं साहाय्य मिळेल. ते टाळायला फॉर्मवर इंग्रजी लिहायचा सल्ला मिळेल; तो ऐकू नका. फॉर्मवर पालकांची सही असते, आणि ते साहाय्य फुकट आहे.

लसींची नोंद पुण्यातच नीट करून घ्या, इथे आल्यावर ऑगस्टमध्ये डॉक्टरची वेळ मिळत नाही. किंडरगार्टनसाठी गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस लागतात आणि पहिला डोस पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतरचाच धरतात. त्यामुळे नवव्या महिन्यातला सरकारी एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाचा, डोस मोजला जात नाही, शिवाय त्यात गालगुंडाची लस नसते. कांजिण्यांचे दोन आणि हिपॅटायटिस ए चे दोन डोसही लागतात, आणि हे आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत. प्रत्येक लसीचा किमान एक डोस झालेला असेल तर बाकीचे वेळेवर पूर्ण करायच्या अटीवर तात्पुरता प्रवेश मिळतो. कार्डावर दिवस-महिना-वर्ष असा क्रम असतो आणि इथे महिना आधी वाचतात. ०५/०८ हा ५ ऑगस्ट आहे की ८ मे यावर डोस बाद होऊ शकतो. महिन्याचं नाव अक्षरात लिहून बालरोगतज्ज्ञांची सही घ्या.

घर क्लोज व्हायच्या आधी शाळा सुरू होत असेल तर काही डिस्ट्रिक्ट बिल्डरबरोबरचा सही झालेला करार आणि क्लोजिंगची तारीख दाखवून प्रवेश देतात. किती दिवसांची मुदत देतात ते आधी विचारा. नाही तर मुलांची नोंदणी इर्व्हिंगच्या भाड्याच्या पत्त्यावर होईल आणि ऑक्टोबरात शाळा बदलावी लागेल.

टॅक्सचं एक राहिलं. पाच लाख डॉलरच्या घरावर शाळेचा दर १०० डॉलरमागे १.२५ डॉलर धरला तर सवलतीशिवाय ६,२५० डॉलर होतात. राहत्या घराची होमस्टेड सवलत शाळेच्या टॅक्ससाठी नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर १ लाख ४० हजार डॉलर झाली आहे. ती घेतली तर ४,५००. त्यासाठी नागरिक असावं लागत नाही, पण ड्रायव्हिंग लायसन्सवर नवा पत्ता लागतो, आणि अर्ज तुम्हालाच अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे करायचा असतो, फुकट. पैसे घेऊन अर्ज भरून देतो अशी पत्रं घर घेतल्यावर महिनाभरात येऊ लागतात, ती सरळ कचऱ्यात टाका. पहिल्या वर्षीचं बिल फसवं असतं: किंमत १ जानेवारीच्या स्थितीवर ठरते, आणि त्या दिवशी तुमच्या लॉटवर फक्त माती असेल तर टॅक्स मातीचाच लागतो. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं, एस्क्रोत, म्हणजे टॅक्स भरायला लेंडर हप्त्याबरोबर जमा करतो त्या खात्यात, तूट पडते आणि महिन्याचा हप्ता एकदम काहीशे डॉलरने चढतो. लेंडरला पहिल्यापासूनच पूर्ण किमतीवर एस्क्रो धरायला सांगा.